आधी पेटी वाचा, मग चित्र : जपानी कलेच्या इतिहासात शिरू पाहणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकालांचे दिवस आले की ओळखीपाळखीतून मला दोन-तीन फोन येतात. "आमच्या मुलीला जपानी चित्रांचं भारी वेड आहे. ॲनिमे बघते, स्वतःही छान काढते. यात पुढे काही करता येतं का हो?" येतं. पण कसं, ते सांगायला तास जातो, आणि तासाभरानंतर समोरून येतं, "म्हणजे एमबीए बरं म्हणायचं." म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. जपानला गेल्यावर पहिल्यांदा एका मोठ्या प्राध्यापकांसोबत मूळ चित्र बघायला बसले. तातामी चटया अंथरलेली खोली, मधोमध पांढरं कापड, त्यावर एक लांबट लाकडी पेटी. मी मनातल्या मनात चित्र उघडूनही बसले होते. सेन्सेइंनी, म्हणजे त्या प्राध्यापकांनी, पेटी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "झाकणावर काय लिहिलंय?" नऊ अक्षरं होती. मला त्यातलं एक ओळखता आलं, तेही अंदाजाने. पुढची चाळीस मिनिटं आम्ही चित्र बघितलंच नाही, झाकण वाचलं. या क्षेत्रात काय करायचं असतं ते मला त्या दिवशी कळलं. हे बघणाऱ्याचं काम आहेच, पण त्याआधी वाचणाऱ्याचं आहे. चित्रकला चांगली असण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. मला साधा आंबा धड काढता येत नाही.

पहिली पायरी : हाताशी आहे ते बघा

जपानला जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंगमध्ये जपानी दालन आहे, बडोद्यातही जपानी वस्तू बघायला मिळतात. यांतलं बरंचसं एकोणिसाव्या शतकात परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवलेलं आहे, पण नजर तयार करायला ते पुरेसं आहे. एक वस्तू निवडा, तिच्यासमोर तासभर उभं राहा आणि पेन्सिलीने लिहा : कशाची आहे, केवढी आहे, कुठे झिजलीय, कुठे दुरुस्त केलीय, सही कुठे आहे. "सुंदर", "नाजूक", "अप्रतिम" हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. पंधरा मिनिटांत लिहायचं संपतं. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं.

दुसरा सराव घरबसल्या करता येतो. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट घ्या, साधारण १८३१ची. चहाच्या कपापासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे असते ती. ते हाताने काढलेलं एकुलतं एक चित्र नव्हे, लाकडी ठशांवरून काढलेल्या छापांपैकी एक आहे, आणि तसे छाप जगभरच्या संग्रहालयांत आहेत. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, बोस्टनचं ललितकला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवरून त्यांच्या मोठ्या प्रतिमा उतरवून घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवा. डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे. तिच्या रेघा काही छापांत अखंड आहेत, काहींत मध्येच तुटलेल्या. छापून छापून ठसा झिजला, रेघ तुटली. म्हणजे कुठला छाप आधीचा आणि कुठला नंतरचा, याचा पुरावा त्या चौकटीत बसलाय. आकाशाचा रंग मात्र जपून वाचा, कारण रंग उडतो. बोस्टनला १९२१मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सुमारे साडेसहा हजार छापचित्रं दिली, ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर. लोकांना तेव्हा ती अट विचित्र वाटली असेल. आज मूळ रंग कसे होते हे बघायचं तर त्याच संग्रहाकडे बोट दाखवलं जातं.

तोक्यो, क्योतो, नारा आणि क्युशू इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू 'कोलबेस' या एका संकेतस्थळावर एकत्र सापडतात. उकियो-ए, म्हणजे मुख्यतः एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) छापचित्रं, यांच्यासाठी क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाच्या कला संशोधन केंद्राचा संग्रह उघडा. फुकट आहे. रोज जेवणानंतर अर्धा तास.

दुसरी पायरी : भाषा, आणि मग भाषेखालची भाषा

पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाई राहिलेली नाही. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, घरगुती क्लास, हवं तिथे जा. जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा असते, सगळ्यांत सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यांत अवघड एन-वनपर्यंत. आपल्याकडे "एन-थ्री झालं" हे पेढे वाटण्याच्या सुरात सांगतात. कंपनीतल्या नोकरीच्या दृष्टीने ते ठीक आहे. आपल्या कामाला मात्र एन-टू हा उंबरठा आहे आणि एन-वन म्हणजे ओसरी. रोजच्या वापरातल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, येत असल्या तरी अठराव्या शतकातलं पत्र उघडलं की माणूस पुन्हा बालवाडीत जातो.

याचं कारण मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे बाळबोध वाचता येतं म्हणून पेशवे दफ्तरातला कागद वाचता येतो का? नाही. मोडी वेगळी शिकावी लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द तोडलेले नाहीत, लिहिणाऱ्याचा हात न उचलता ओळ धावते. जपानीतली कुझुशिजी, म्हणजे जुनी जलद हाताची लिपी, तशीच. अक्षरं एकमेकांत ओघळलेली, विरामचिन्हं नाहीत, 'क' आणि 'ग' यांत फरक दाखवणारे ठिपके बहुतेक वेळा गाळलेले. वर एकेका उच्चाराला चार-पाच वेगवेगळी अक्षररूपं. एका उच्चाराला एकच अक्षर हे शाळांसाठी ठरलं ते १९०० साली. त्याआधीचं सगळं ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे. मी मोडीचा वर्ग हौसेने केला होता, आणि खरं सांगते, जपानला गेल्यावर त्या वर्गाचा उपयोग कुठल्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा जास्त झाला. अक्षर येत नसलं तरी घाबरायचं नाही, आधी ओळखीचा शब्द हुडकायचा आणि त्याच्या आधाराने बाकीचं सोडवायचं, ही खोड मोडीने लावली.

सरावासाठी ओसाका विद्यापीठात तयार झालेलं 'कुला' नावाचं ॲप आहे. 'मिवो' हे दुसरं ॲप फोनच्या कॅमेऱ्यातून कुझुशिजी वाचून आजच्या अक्षरांत दाखवतं. छापील पुस्तकांवर ते बरं चालतं, हातच्या पत्रांवर बऱ्याचदा तोंडावर पडतं. आधार म्हणून घ्या, सेन्सेइंसमोर फोन काढू नका. केम्ब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात जुन्या जपानी लिप्यांची उन्हाळी शाळा भरते, जमल्यास अर्ज करा. जोडीला बुंगो, म्हणजे जुन्या जपानीचं व्याकरण, आणि कांबुन, म्हणजे अभिजात चिनीतला मजकूर आणि तो जपानी क्रमाने वाचण्याची रीत. चित्रावर कविता असेल तर ती पुष्कळदा कांबुनमध्ये असते आणि तिच्यावाचून चित्र अर्धंच कळतं.

तारखांचंही एक सांगून टाकते, कारण मी त्यात आपटलेय. जपानी वर्षं गेन्गोने, म्हणजे कालखंडांना दिलेल्या नावांनी, मोजतात. तेन्पो २ म्हणजे १८३१ असा तक्ता सगळ्यांकडे असतो. माझ्या पहिल्या लेखात तेन्पो २च्या बाराव्या महिन्यातलं एक पत्र होतं, आणि मी बिनधास्त १८३१ लिहिलं. परीक्षकाने समासात एवढंच लिहून पाठवलं : "महिना बघा." जपानमध्ये १८७३पर्यंत जुनी पंचांगाची गणना होती. त्या वर्षाचा बारावा महिना इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे जानेवारी १८३२मध्ये पडतो. जिच्या घरात पौष कधी आणि जानेवारी कधी हे कालनिर्णय बघून ठरतं, त्या मुलीने ही चूक करावी! साठ संवत्सरांचं चक्र आपल्यासारखंच तिथेही आहे, फक्त प्रभव-विभव यांच्या जागी दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या. कित्येक चित्रांवर फक्त त्या चक्रातलं नाव असतं. मग ते १७७१, १८३१ की १८९१ हे कागद, सही आणि शिक्का बघून तुम्ही ठरवायचं.

तिसरी पायरी : प्रश्न लहान करा

मराठी माणूस जपानी कलेत शिरला की आधी गणपती शोधतो. मीही शोधला. सापडतो, कांगितेन नावाने, पुष्कळदा दोन हत्तीमुखी आकृत्या एकमेकांना मिठीत घेतलेल्या. पण या मूर्ती बहुतेक ठिकाणी हिबुत्सु, म्हणजे भक्तांनाही न दाखवायच्या असतात. जी वस्तू बघायलाच मिळणार नाही तिच्यावर संशोधन करायला निघणं म्हणजे पहिल्याच वर्षी कोंडी. सरस्वती बेन्झाइतेन होऊन बसलीय, तिचे फोटो भरपूर आहेत, पण तिच्यावरही आधी लिहून झालंय. आणि "भारत-जपान सांस्कृतिक संबंध" असं शीर्षक असलेला प्रस्ताव प्राध्यापक हसून बाजूला ठेवतात. तसे प्रस्ताव आपल्याकडूनच ढिगाने जातात.

भारताचा धागा घ्यायचाच असेल तर एका माणसाचा, एका वहीचा, एका भिंतीचा घ्या. नारातल्या होर्यूजीच्या कोंदो मंदिरातल्या भित्तिचित्रांची अजिंठ्याशी तुलना विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आलीय. आराई कान्पो नावाचे चित्रकार १९१६मध्ये भारतात आले, अजिंठ्याला राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि पुढे १९४०मध्ये सुरू झालेल्या होर्यूजीच्या प्रतींच्या कामातही ते होते. ते काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ला, कोंदोला आग लागली आणि मूळ चित्रं करपली. त्या धक्क्यातून १९५०चा सांस्कृतिक ठेवा संरक्षण कायदा आला. आपल्या प्रजासत्ताक दिनी तिथे वारसा वास्तूंमध्ये आग विझवण्याच्या कवायती होतात, त्या यामुळे. इथे प्रश्न असा विचारता येतो : अजिंठ्यात प्रत करताना बसलेली हाताची सवय होर्यूजीच्या प्रतींत दिसते का? हा लहान प्रश्न आहे, आणि प्रती समोर ठेवून त्याचं उत्तर शोधता येतं. फर्दापूरच्या बाजूने लेण्यांत दहा वेळा जाऊन आलेली मुलगी तो इतरांपेक्षा बरा सोडवेल.

कुठला चित्रकार "संपला" आणि कुठला "उरला", याचीही फार धास्ती घेऊ नका. इतो जाकुचू (१७१६–१८००) हा कोंबड्यांचा चित्रकार बराच काळ इतिहासाच्या कडेला होता. १९७०नंतर अभ्यासकांनी त्याला पुन्हा मध्ये आणलं. २०१६मध्ये त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली म्हणून तोक्योत प्रदर्शन भरलं, तेव्हा रांगेत लोक पाच-पाच तास उभे होते. वारीच्या दर्शनबारीची सवय असलेल्या मलाही ती रांग लांब वाटली असती.

चौथी पायरी : सेन्सेइ आणि पैसे

बीए कशात केलं याला तितकं महत्त्व नाही. कला-इतिहास, इतिहास, जपानी, संस्कृतसुद्धा चालेल. कला-इतिहासाचा पाया हवा असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा चांगली. जपानी अभ्यासासाठी दिल्लीचं जेएनयू आणि शांतिनिकेतनचं निप्पॉन भवन आहे.

पुढे जपानला जायचा सगळ्यांत रुळलेला रस्ता म्हणजे जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती. जुने लोक अजून मोनबुशो म्हणतात. फी नाही, विमानाचं तिकीट मिळतं, आणि महिन्याला साधारण १ लाख ४३ हजार ते १ लाख ४५ हजार येन अशी रक्कम गेली काही वर्षं चालत आलीय. तोक्योत यात काटकसरीने राहता येतं, क्योतोत जरा सैल. वयाची अट ३५च्या आतली. अर्ज दूतावासामार्फत उन्हाळ्यात सुरू होतात, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून मार्चपासूनच दूतावासाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. दुसरी वाट म्हणजे जपानी विद्यापीठानेच तुमची शिफारस करायची.

दोन्ही वाटांवर खरा नाका एकच : तुम्हाला घ्यायला तयार असलेले प्राध्यापक. त्यांना पाठवायचं पत्र जपानीत लिहा, एका पानात बसवा, आणि त्यांचे निदान दोन लेख वाचून मगच लिहा. "मला लहानपणापासून जपानची ओढ आहे" हे वाक्य गाळा. आपला प्रश्न काय आहे, त्यासाठी कुठल्या वस्तू बघायच्या आहेत आणि त्या कुठल्या संग्रहात आहेत, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी नम्रपणे आठवण करा. एप्रिलमध्ये पाठवू नका. एप्रिलमध्ये तिथलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं आणि कुणालाही श्वास घ्यायला वेळ नसतो.

बहुतेकांना आधी केन्क्युसेइ, म्हणजे पदवीविना संशोधन विद्यार्थी, म्हणून घेतात. घरच्यांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर "एवढं जपानला गेली आणि ॲडमिशनच नाही झाली" असं गावभर होतं. मग प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांची एमए, आणि नावाला तीन वर्षांची पीएचडी. तीन वर्षांत ती पूर्ण करणारं माणूस मी अजून पाहिलं नाही. इंग्रजीतून करायचं असेल तर क्युशू विद्यापीठ आणि तोक्योचं सोफिया, किंवा लंडनचं सोआस. पण इंग्रजी माध्यम घेतलं म्हणून कुझुशिजीतून सुटका नाही.

पाचवी पायरी : हात

हे पुस्तकातून येत नाही, तरी निदान पहिल्या दिवशी फजिती होऊ नये म्हणून सांगते. वस्तू बघायला जाताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा. गळ्यातली चेन किंवा मंगळसूत्र आत खोचून चालत नाही, वाकलं की बाहेर लोंबतं. काढा. शाईचं पेन खोलीतच न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. मोजायला कापडी टेप, धातूचा नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा. तोंडावर मास्क, कारण बोलताना उडालेला थेंब रेशमावर डाग पाडतो.

काकेजिकु, म्हणजे टांगायचं गुंडाळीचित्र, किरीच्या हलक्या लाकडाच्या पेटीत असतं. झाकणाच्या बाहेर चित्राचं नाव. झाकण उलटं करून आतली बाजू बघा. तिथे पुष्कळदा नंतरच्या कुणा जाणकाराने किंवा चित्रकाराच्या शिष्याने "हे अमक्याचंच" असं लिहून शिक्का मारलेला असतो. पेटी चित्रकाराने स्वतः लिहिलेली असेल तर तिला तोमोबाको म्हणतात आणि बाजारात तिचा भाव निराळा. मात्र पेटी खरी म्हणजे चित्रही खरं असं नाही. शंभर-दोनशे वर्षांत पेट्यांची अदलाबदल सहज होते, कधी चुकून, कधी मुद्दाम. म्हणून पेटी वाचायची, पण साक्षीदार म्हणून. निकाल तिच्या हाती द्यायचा नाही.

मग गुंडाळी दोन्ही हातांनी बाहेर. दोरी सोडली की तिच्याखालचा छोटा कागद जपून बाजूला ठेवायचा, दोरीचा वळ चित्रावर उमटू नये म्हणून तो असतो. याहाझु नावाच्या दुबेळक्याच्या बांबूने वरची दोरी खिळ्यात अडकवायची, आणि खालचा दांडा दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली उतरवायचं. पहिल्यांदा माझे हात इतके थरथरले की शेजारच्या विद्यार्थ्याने न बोलता दुसरं टोक धरलं. परत गुंडाळताना सैल वाटलं म्हणून पिळून घट्ट करायचं नाही. त्याने रंग सुटतो. एमाकी, म्हणजे आडवं गुंडाळीचित्र, उजवीकडून डावीकडे एका वेळी हातभरच उघडायचं. पूर्ण पसरून बघण्याचा हट्ट धरू नका. ज्याने ते काढलं त्यानेही ते हातभर-हातभरच उलगडेल असं समजून काढलंय.

प्रत्येक वस्तूची नोंद तिथल्या तिथे : माप, कागद की रेशीम, सही, शिक्के, पेटीवरचा मजकूर, किडीची भोकं. "घरी जाऊन लिहीन" असं म्हणू नका. ती वस्तू पुन्हा दहा वर्षांनी दिसेल. संग्रहालयातही कागदा-रेशमावरच्या राष्ट्रीय ठेव्याची चित्रं वर्षाकाठी साधारण ६० दिवसांपलीकडे मांडत नाहीत, आणि एकाच प्रदर्शनात अर्ध्यावर चित्रं बदलतात. तिकीट काढण्याआधी कुठलं चित्र कुठल्या तारखांना आहे तो तक्ता बघा. मी एकदा पुण्याहून सुट्टी जुळवून गेले आणि हवं ते चित्र आदल्या रविवारी उतरवलेलं होतं.

सहावी पायरी : पोट

इथे लांबण लावत नाही. जपानमध्ये संग्रहालयातल्या अभ्यासकाला गाकुगेइइन म्हणतात. १९५१च्या संग्रहालय कायद्याप्रमाणे त्याची पात्रता असते, तिचे विषय विद्यापीठात घेता येतात. घेऊन ठेवा. जागा थोड्या, आणि एकेका जागेला अर्ज शेकड्याने. युरोप-अमेरिकेत विद्यापीठं, संग्रहालयं आणि लिलावगृहांचे जपानी विभाग आहेत. पीएचडीनंतर जेएसपीएस या जपानी संशोधन-निधी संस्थेची किंवा नॉरिचच्या सेन्सबरी संस्थेची फेलोशिप मिळाली तर एखाद-दोन वर्षं श्वास घेता येतो. भारतात निव्वळ जपानी कलेच्या इतिहासासाठी म्हणून निघालेली जागेची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. आशियाई कला किंवा जपानी भाषा या नावाखाली शिरावं लागतं. आणि काहीच जमलं नाही तर एन-वनवाल्याला हिंजवडीत भाषांतराचं काम मिळतं. मी अडीच वर्षं केलंय. पंपांची माहितीपत्रकं जपानीतून मराठी-इंग्रजीत आणली, आणि रात्री प्रबंध.

आणि फोटोंची परवानगी

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून शेवटी सांगते. लेख लिहून झाला की चित्रं छापायला मालकाची परवानगी लागते. मेट्रोपॉलिटनसारखी काही संग्रहालयं स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंच्या प्रतिमा खुल्या देतात. मंदिरं आणि खासगी संग्राहक यांचं तसं नाही. रीतसर पत्र, लेखाची रूपरेषा, कुठल्या पानावर केवढं चित्र येणार, रंगीत की काळं-पांढरं, हे सगळं द्यायचं. शुल्क असेल तर ते तुमच्या खिशातून. माझ्या एका लेखात सात चित्रं होती, शेवटी चारच छापली, बाकीच्या तिन्हींचं वर्णन शब्दांत केलं. एका मंदिराचं उत्तर पाच महिन्यांनी आलं, तेही ब्रशने लिहिलेलं, आणि ते वाचायला मला एक संध्याकाळ लागली. होकार होता. त्यामुळे परवानग्यांची पत्रं लेखाचा पहिला खर्डा झाला की लगेच टाका. लेख छापून आला की एक प्रत मालकाला पाठवायची, पीडीएफ नाही, छापील, आणि सोबत चार ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र. पुढच्या खेपेला तीच पेटी पुन्हा उघडून मागायची असते.